सही करण्याआधी

काल फोनवर तू एवढंच म्हणालीस, "ताई, दादाने शनिवारी तालुक्याला बोलावलंय, एक सही करायची आहे." तुझा आवाज ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. काकांना, तुझ्या वडिलांना, जाऊन अजून महिना झालेला नाही आणि तुझे डोळे अजून कोरडे झालेले नाहीत. अशाच दिवसांत मीही एकदा सही केली होती, म्हणून लिहायला बसले.

माझे वडील, आप्पा, गेले तेव्हा चौदाव्या दिवशी मला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. "वारसाचं काम आहे," एवढंच सांगितलं होतं. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठ्याचा ठसा झाला, पानापानावर सह्या झाल्या. शेजारी आई. तिचा हात थरथरत होता, मी तिचं मनगट धरलं आणि तिनेही सह्या केल्या. कागद आम्ही दोघींनीही वाचला नाही. ते होतं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. माझा हिस्सा गेला त्याचं मला एवढं नाही गं. आईचा गेला. पुढे भावांनी वाटणी केली आणि आईची जेवणाची पाळी ठरली, एक महिना इकडे, एक महिना तिकडे. आप्पांच्या बरोबरीने जिने चाळीस वर्षं त्या जमिनीत भांगलण केली, तिच्या नावावर एक गुंठाही उरला नाही.

म्हणून आधी हे पक्कं समजून घे: वारसनोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळा. वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. सोबत काकांच्या मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि ८अचा उतारा लागतो. तलाठी फेरफार धरतो आणि काकू, दादा, तू, तिघांची नावं सातबाऱ्यावर चढतात. त्यासाठी तुला कशावरही पाणी सोडावं लागत नाही. "तू हक्क सोडल्याशिवाय नोंदच होत नाही," असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. हक्कसोड ही त्यानंतरची गोष्ट आणि ती फक्त तुझ्या मर्जीची. एकदा नोंदणी झाली की तुला एकटीला ती रद्द करता येत नाही. फसवणूक झाली असं म्हणायचं तर कोर्टात दावा लावावा लागतो, त्याला मुदत असते आणि सिद्ध तुलाच करावं लागतं. माझी ती मुदत "भावांशी भांडू नको" हे ऐकण्यात निघून गेली.

फेरफार धरला की त्याची नोटीस हातात घेऊन बघ. आपल्याकडे जुनी खोड आहे, मुलांची नावं कब्जेदारात लिहायची आणि मुलींची 'इतर हक्कात' ढकलायची. तुझं आणि काकूचं नाव दादाच्या नावाच्याच रांगेत हवं. नसेल तर फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत दे आणि पोच घे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, दादाकडे मागायचीही गरज नाही. जुने उतारेही काढ. आजोबांच्या मागे थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तेवढ्याने जमीन त्याच्या एकट्याची होत नाही.

आता तुझ्या मनातला खरा प्रश्न, "लग्न झाल्यावर माझा हक्क राहतो का गं?" राहतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने जन्माने हक्क दिला, पण २२ जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सगळ्याच मुलींना दिला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: नकोत, हक्क जन्मानेच आहे. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही. काकांनी स्वतःच्या कमाईने घेतलेला प्लॉट मात्र वेगळा. त्याचं मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर काकू, दादा आणि तू, तिघांना सारखा.

"लग्नात एवढा खर्च केला, तोच तुझा हिस्सा," हे तुला ऐकवतील. कायद्यात असा कुठलाही हिशेब नाही.

मला माहीत आहे, तुला भीती जमिनीची नाही. दिवाळीला दारात कोण उभं राहील, भाऊबीजेला ताट कुणासमोर धरू, ही भीती आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मलाही तीच होती. म्हणून दादाशी वाकडं बोलू नकोस. एवढंच म्हण, "नोंद आधी होऊ दे, हक्काचं वर्षश्राद्धानंतर बसून बोलू." माया असेल तर तो थांबेल.

आणि मनापासून द्यायचंच असेल, तर दे. दादाने काकांचं आजारपण काढलंय, ते मी पाहिलंय. पण काय देतेस ते गट नंबर आणि क्षेत्रासकट वाचून दे. घरातल्यांना द्यायच्या हक्कसोडाला मुद्रांक शुल्क नाममात्रच लागतं आणि तो आईच्या नावेही करता येतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कुळमुखत्यारपत्रावर सही नको, कुणीही मागितली तरी. वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केलास तरी चालेल.

शनिवारी तालुक्याला जाऊ नकोस. सकाळच्या एसटीने मी तुझ्याकडेच येते. दादाला म्हणावं, कागदाची झेरॉक्स आधी पाठव. काकूलाही बसवून घेऊ. तिला अजून कुणी काही विचारलेलंच नाही.