सायकल, वाट आणि आभाळ

आपल्याकडे घरोघरी सायकल आहे. तिच्यावर आपण दळण नेतो. बाजार करतो. धानाचे पोते मागे बांधून हाताने ढकलत नेतो. पोरे-पोरी तिच्यावर शाळेला जातात. सायकल ही गरिबाची गाडी आहे. तिला डिझेल लागत नाही, पेट्रोल लागत नाही. पोटात भाकर आणि चाकात हवा, एवढे तिला पुरे.

पण सायकल फक्त कामासाठीच असते असे नाही. तिच्यावर बसून आपला मुलूख पाहता येतो. मोटारीतून रस्ता दिसतो. सायकलीवरून रस्त्याच्या बाजूचा माणूस, झाड, पाखरू आणि तळेही दिसते. आज आपण अशा प्रवासाविषयी वाचू. आणि वाटेत आभाळ फिरले तर काय करावे, तेही वाचू.

गोंदिया ते नवेगावबांध

समजा, तुम्ही गोंदियाहून नवेगावबांधला निघालात. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. सायकल तासाला १२ किलोमीटर चालली, तर किती वेळ लागेल? ६५ ला १२ ने भागा. साडेपाच तासांच्या आत-बाहेर होतात. त्यात चहापाणी आणि विसावा धरा. पहाटे पाचला निघालेला माणूस दुपारी एकपर्यंत पोचतो.

आधी गोरेगाव लागते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत. नशीब चांगले असेल तर एखाद्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. सारस हा माणसाच्या उंचीचा पक्षी. महाराष्ट्रात तो फार थोड्या ठिकाणी उरला आहे. आपला जिल्हा त्यांपैकी एक. दिसला तर लांबूनच पाहा. त्याच्या मागे धावू नका.

पुढे कोहमारा येते. तिथे मुंबई-कोलकात्याचा मोठा रस्ता आडवा जातो. ट्रक जोरात येतात. सायकलीवरून उतरा. दोन्हीकडे पाहा. मगच रस्ता पार करा.

मग जंगल सुरू होते. साग, ऐन, मोह, तेंदू. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हा या रस्त्यावर जनावरांचाही हक्क आहे, हे ध्यानात ठेवावे. अंधार पडण्याच्या आत मुक्कामाला पोचावे. मुख्य रस्ता सोडून परवानगीवाचून आत शिरू नये.

शेवटी नवेगावचा बांध दिसतो. डोंगरांच्या मधले अफाट पाणी पाहून थकवा निघून जातो. हा तलाव सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. यंत्रे नव्हती. माणसांनी माती वाहिली आणि डोंगरांमधली खिंड बांधून काढली. हिवाळ्यात इथे परदेशाहून पाखरे येतात. आपल्या आजे-पणज्यांनी काय करून ठेवले, ते पाहायला ६५ किलोमीटर पायडल मारणे फार नाही.

माझी सायकल कशी गेली

वाट अशी सुंदर आहे. पण तिच्यावर आभाळाची सत्ता चालते. हे मी पुस्तकात शिकलो नाही. माझ्यावर बेतले तेव्हा शिकलो.

१९८४ सालचा जुलै महिना. तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा नव्हता. आपण भंडारा जिल्ह्यात होतो. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला.) मी चोवीस वर्षांचा नवा मास्तर. शाळा जंगलाकडच्या एका खेड्यात होती. बाबांनी धान विकून मला सायकल घेऊन दिली होती. हिरवी, नवी कोरी. मी तिला रोज तेलाच्या चिंधीने पुसत असे.

रविवारी घरी जाऊन मी शाळेच्या गावी परत निघालो होतो. डोक्यावर ऊन होते. पावसाचा थेंब नव्हता. शाळा तीन किलोमीटरवर राहिली, आणि वाटेतल्या रपट्यावरून पाणी वाहताना दिसले. पाणी गढूळ होते, पण पोटरीच्या वर नसेल. पलीकडे चार बायका रोवणीहून येऊन थांबल्या होत्या. एक म्हातारा बाबाही बसला होता.

म्हातारा ओरडला, "गुरुजी, थांबा! पानी वाढून राहिला. तासाभरात उतरते."

मी मनात म्हटले, सकाळी शाळा आहे. एवढ्याशा पाण्याला मास्तर भ्याला, असे गाव म्हणेल. मी पँट वर केली, सायकल हाताने धरली आणि पाण्यात उतरलो.

रपट्याच्या मध्यावर पोचलो. पाण्याने सायकलीचे पुढचे चाक फिरवले. सायकल आडवी झाली. पाण्याचा जोर तिच्यावर आला आणि ती मला कडेकडे ओढू लागली. माझे पाय घसरले. तरी मी सायकल सोडीना. बाबांचे धान डोळ्यांपुढे होते.

"गुरुजी, सायकल सोडा! सायकल सोडा!" म्हातारा ओरडत होता.

मी सायकल सोडली. ती एकदा उलटली आणि दिसेनाशी झाली. मी चारी हातापायांवर आलो. त्या बायकांनी एकीच्या लुगड्याचे टोक दुसरीच्या हातात देत मला बाहेर ओढले. त्यांची नावेही मी त्या दिवशी विचारली नाहीत. नुसता थरथरत होतो.

तासाभराने पाणी उतरले, म्हाताऱ्याने सांगितले होते तसेच. पाहतो तर रपट्याची कड बैलगाडीएवढी तुटून गेली होती. गढूळ पाण्याखाली ती मला दिसली नव्हती.

चार दिवसांनी सायकल पळसाच्या झुडपात सापडली. तिचा सांगाडा वाकून गेला होता. मी भीत-भीत घरी सांगितले. बाबा सायकलीविषयी काहीच बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पानी कितीक होता?" मी पोटरीवर हात ठेवून दाखवला. ते बराच वेळ माझ्या पायाकडे पाहत बसले.

ऊन असताना पूर कुठून येतो?

माझ्या डोक्यावर ऊन होते. मग पाणी आले कुठून? ते वरच्या डोंगरावर पडले होते. नाला आपल्या गावचा असला, तरी त्याचे पाणी दूरच्या रानातून येते. सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला, की खालचे नाले कोरड्या आभाळाखालीही भरतात.

पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब कमी होतो. तिथून ढग छत्तीसगडवरून आपल्याकडे येतात. मग दोन-दोन दिवस झड लागते. उन्हाळ्यात निराळे घडते. जमीन तापते. उपसागराकडून आलेली ओली हवा तापून उंच चढते. दुपारनंतर काळे ढग उभे राहतात. वारा सुटतो, वीज कडाडते, कधी गारा पडतात. सकाळ स्वच्छ होती म्हणून दुपारही स्वच्छ राहील, असे समजू नये.

म्हणून हा नियम पाठ करा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. पाणी थोडे दिसले तरी थांबावे. गुडघ्याखालचे वाहते पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडते. तळचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही.

विजेचे अंतर मोजा

आपल्या भागात दर वर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे मरतात. सायकलस्वार तर उघड्या रस्त्यावर असतो. त्याला हे गणित यायलाच हवे.

वीज चमकते ते आपल्याला लगेच दिसते. आवाज मागाहून येतो. एक किलोमीटर यायला आवाजाला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकली की सावकाश मोजा : एक, दोन, तीन... गडगडाट होईपर्यंत मोजा. आलेल्या आकड्याला ३ ने भागा. आकडा ९ आला, तर वीज ३ किलोमीटरवर आहे. आकडा ३० किंवा त्याहून कमी आला, तर प्रवास थांबवा. पक्क्या घरात जा. बस किंवा बंद मोटार असेल तर तिच्यात बसा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत बाहेर निघू नका.

झाडाखाली उभे राहू नका. एकटे झाड तर फारच धोक्याचे. काही लोक म्हणतात, सायकलीला रबराची चाके आहेत, तिला वीज लागत नाही. हे खरे नाही. एवढ्याशा रबराला वीज जुमानत नाही.

जवळ घर नसेल तर सायकल दूर ठेवा. तारेच्या कुंपणापासून आणि पाण्यापासून लांब जा. आडवे पडू नका. पाय जुळवून उकिडवे बसा. सोबती असतील तर एकमेकांपासून अंतर ठेवा. यात पूर्ण सुरक्षा नाही. म्हणून आधीच निवारा गाठणे बरे.

कोणाला वीज लागली, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. १०८ वर फोन करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने आणि भराभर दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइलचे ॲप काढले आहे. आसपास विजेचा धोका असेल तर ते सावध करते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. निघण्याआधी ते उघडून वाचा.

बरोबर काय घ्यावे?

हवेचा पंप, पाना, पंक्चरचे सोल्यूशन आणि रबराचे तुकडे. पाण्याची बाटली. भाकर, चटणी, कांदा आणि थोडा गूळ. उन्हासाठी दुपट्टा. पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. फोन आणि थोडे सुटे पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावे. निघण्याआधी ब्रेक आणि साखळी तपासावी. कोणत्या वाटेने जातो आणि कधी पोचू, हे घरी सांगून जावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा अकराच्या आत सावली गाठावी.

जगाभोवती जाणारेही थांबले

तुम्ही म्हणाल, असे थांबत राहिले तर प्रवास कधी पुरा होणार? याचे उत्तर ऐका.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलीवर जगाच्या फेरीला निघाले. इराणची वाळवंटे, युरोपातले आल्प्स पर्वत, अमेरिका, जपान, चीन असा प्रवास झाला. १८ मार्च १९२८ रोजी त्यांतले तिघे परत आले. त्यांची नावे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१,००० किलोमीटर ते फिरले. दिवस लागले १,६१६. आता भागाकार करा. दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर येतात. म्हणजे गोंदिया ते नवेगावबांध या अंतराहूनही कमी! त्यात चाललेले दिवस आले आणि थांबलेले दिवसही आले.

बायकांनीही हे केले आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या विशीतल्या मुलीने २०१८ साली सायकलीवर १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर प्रवास केला. रशियात तिने बर्फात एकटीने रात्री काढल्या. तेव्हा सायकल ही पुरुषाचीच, असे कोणी म्हणू नये.

सायकल नवी घेता येते. रविवार पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. बांध तीनशे वर्षे तिथेच आहे, तो उद्याही असेल. आभाळ काळे झाले, नाला भरला, तर शरम न वाटता थांबा. गाव हसले तर हसू द्या. आणि दुसरा कोणी पाण्यात उतरत असेल, तर त्या म्हाताऱ्या बाबासारखे ओरडून त्याला थांबवा.

सांगा पाहू

१. वीज चमकल्यावर १२ मोजेपर्यंत गडगडाट झाला. वीज किती किलोमीटरवर आहे? तुम्ही काय कराल?

२. तासाला १० किलोमीटर सायकल चालवली, तर ४५ किलोमीटरला किती वेळ लागेल?

३. ऊन असतानाही नाल्याला पूर का येतो?

४. तुमच्या गावाजवळ कोणता रपटा पावसाळ्यात बुडतो? तिथे धोक्याची पाटी आहे का? नसेल तर ग्रामपंचायतीला स्वतःच्या हाताने अर्ज लिहा.

शब्दार्थ

बेतणे – जिवावरचे संकट येणे. झड – सतत लागून राहिलेला पाऊस. सरासरी – एकूण बेरजेचे सारखे वाटे केल्यावर येणारा आकडा. शाबूत – न मोडलेले.