आधी इथली माती, मग परदेशातली

अगं, परदेशातल्या उत्खननाला जायचंच म्हणतेस, हे काकूकडून कळलं. काका चाकणला शिफ्टमध्ये काम करून पुनावळ्याच्या फ्लॅटचे हप्ते फेडतात. ‘खणायचं आपण आणि पैसेही आपणच भरायचे?’ असं ते म्हणाले, तर रागावू नकोस. बऱ्याच फील्ड स्कूलना, म्हणजे उत्खनन शिकवणाऱ्या शिबिरांना, खरंच फी असते. विमान, व्हिसा, विमा वेगळा. ती फी शिकण्याची असते, एवढं त्यांना पटवून दे.

म्हणून पैसे भरण्याआधी विचार: शिकवणार कोण? नुसतं खणायचं, की नोंदी, आरेखन, खापरांची वर्गवारीही शिकवणार? श्रेयांक मिळतील का? शिष्यवृत्ती आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर नाद सोड. मुलींची राहण्याची आणि टॉयलेटची सोय, पाळीच्या दिवसांत सुट्टी, कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची, हेही न लाजता विचार. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र इथूनच घेऊन जा.

परदेशी जाण्याचं मोल काय, ते पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांकडे बघून कळतं. 1930 च्या दशकात लंडनला पीएच.डी. करताना ते ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम शिकले. 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि ती शिस्त त्यांनी इथल्या मातीत आणली. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 पासून कॉलेजनं वर्षानुवर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण निघाले आणि त्यांत लहान मूल पुरलेलं. आईबापांनी लेकराला घरातच ठेवलं होतं गं! कुणी घाईनं कुदळ मारली असती तर हाती नुसती खापरं आली असती.

ही सावकाशी तू इथेच शिकायला लाग. तुमच्या सोसायटीशेजारी टॉवरचा पाया खणतात ना, तिथं पत्र्याच्या कुंपणाबाहेरूनच खड्ड्याची उभी बाजू बघ. वर भराव, मग काळी माती, मग मुरूम, तळाशी कातळ. कुठला थर कुठे संपतो, ते वहीत काढ. उत्खननातही तेच करायचं असतं: थापीनं माती हलकेच खरवडायची आणि रंग बदलला की हात थांबवायचा. निघालेलं खापर कुठल्या थरातलं, हे लिहिलं नाही तर त्याची किंमत शून्य.

येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघून ये. हिवाळ्यात जवळपास कुठे उत्खनन असेल तर मदतीला घेतात का, ते तिथल्या प्राध्यापकांना विचार. दिवसभर उन्हात बसून काम जमतंय आणि तरी दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतंय, असं झालं तर बेलाशक परदेशी अर्ज कर. मग काकांशी मी बोलते.