कर्ण घेतलास का?

अगं छोटे, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, आता लेझर स्कॅनर आलाय, मग टेप धरून भिंती कशाला मोजत बसायच्या?" तेव्हा तव्यावर पोळी होती, म्हणून नुसतं 'हं' म्हटलं. आता निवांत आहे, तर ऐक.

मी तुझ्याच वर्षाला असताना आमच्या गटाला वाईतला एक वाडा मोजायला मिळाला होता. दोन चौकांचा, खाली घडीव दगडाचं जोतं, वर विटा, सागवानी खांब. माजघराची लांबी घेतली, रुंदी घेतली आणि मी पुढे सरकले. चौकोनी तर खोली, त्यात काय एवढं! हॉस्टेलवर येऊन कागदावर मांडायला बसलो, तर नकाशा काही केल्या जुळेना. आतल्या खोल्या अधिक भिंतींची जाडी, ही बेरीज बाहेरच्या मापापेक्षा तीन फूट कमी. रात्रभर एकमेकींवर खापर फोडून झालं. शेवटी एकीनं सुचवलं, "तीन फूट सगळ्या भिंतींत वाटून टाकू, कोण बघतंय?" खरं सांगते, मी पेन्सिल उचललीही होती.

पण शनिवारी एसटीनं पुन्हा वाई गाठली. वाड्यातल्या आजींना अडचण सांगितली, तर त्या हसल्या आणि माजघरातलं एक फडताळ उघडलं. फडताळ कसलं, आत भिंतीच्या पोटातून माडीवर जाणारा अंधारा जिना! आमचे तीन फूट तिथे बसले होते. त्याच दिवशी खोलीचे दोन्ही कर्ण घेतले, तर त्यांत चार बोटांचा फरक. म्हणजे ती खोली चौकोनीही नव्हती. तेव्हापासून कुणीही माप दाखवलं की माझा पहिला प्रश्न असतो, कर्ण घेतलास का? माप जुळत नसेल तर ते वाटून टाकू नकोस. जुनी इमारत बोलते ती तिथेच.

वाड्यावर गेलीस की पहिल्या दिवशी तासभर टेप पिशवीतून काढूच नकोस. नुसती हिंड. खांब मोज, दोन खांबांमधले खण मोज. वाडा बांधणाऱ्यांनी हिशेब खणांत केलेला असतो, तो तुला एकदा दिसला की अर्धा नकाशा डोक्यात तयार होतो. मग हातानं मोठं रेखाटन काढ, पानभर एकच खोली. आकडे लिहायला जागा हवी ना! माप घेताना टेपचं शून्य एका कोपऱ्यात पक्कं धरायचं आणि दार, कोनाडा, खिडकी असं पुढे वाचत जायचं. प्रत्येक तुकडा सुटा मोजलास तर दर तुकड्याची चूक साठत जाते. एकीनं शून्य धरायचं, दुसरीनं वाचायचं, तिसरीनं लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्यानं परत म्हणायचं. आणि हो, आकडे सुटे सुटे बोला. चौकाच्या पलीकडून 'एकोणसाठ' ओरडलं की इकडे 'एकोणसत्तर' ऐकू येतं, म्हणून 'पाच-नऊ' म्हणायचं.

उंची कधीही जमिनीवरून मोजू नकोस. दोनशे वर्षांत फरशी कुठे खचते, कुठे कुणी वर कोबा घालून ठेवतं. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घे, सगळ्या भिंतींवर एका पातळीच्या खुणा कर आणि तिथून वर-खाली मोज. खुणा खडूनं, त्याही मालकांना विचारून.

एक गोष्ट तुला सर सांगणार नाहीत. "तुझं अक्षर चांगलं, तू लिही," असं म्हणून मुलींना वही देतात आणि माळ्यावर मुलगे चढतात. मी दोन साइटवर नुसती लेखनिक होते! तू रोज काम बदलून माग. माळ्यावर जाशील तेव्हा फळीवर भलतीकडे पाय टाकू नकोस, खाली तुळई आहे तिथूनच चाल. वाळवी वरून दिसत नाही.

आता तुझा स्कॅनर. तो मलाही आवडतो गं. भिंत किती कलली, तुळई किती वाकली, हे तो दिवसभरात असं दाखवतो की ओळंबा लावून आठवडा जाईल. पण त्याला समोरचंच दिसतं. खांबामागे, फडताळात, तुळईच्या वर त्याच्या लेखी अंधार. आमचा जिना त्याला कधीच सापडला नसता. सापडली असती ती फक्त जाड भिंत. शिवाय तो देतो लाखो ठिपके, रेघ नाही. हा गिलावा मूळचा, ही वीट नंतरची, हे ठरवून रेघ तुलाच ओढायची आहे. फोटोंवरून मॉडेल करणार असशील तर एका जागी उभी राहून गोल फिरू नकोस. भिंतीला समांतर पावलापावलानं सरक, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून बराच जास्त भाग येऊ दे. ढगाळ दिवस उत्तम. फ्रेममध्ये मोजपट्टी ठेवायला विसरलीस तर संगणकाला तो वाडा आहे की काडेपेटी, हे कळत नाही.

किती बारीक मोजायचं, हे आधी ठरव. १:५० च्या नकाशात ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे भिंतीवरचा एक सेंटिमीटर. तिथे मिलिमीटरसाठी भांडू नका. सुरूच्या आकाराच्या खांबावरचं कोरीवकाम १:१० ला काढशील, तेव्हा भांड.

आणि प्रती ठेव, एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नकोस. अजिंठ्याचं माहीत आहे ना? रॉबर्ट गिल नावाच्या चित्रकारानं १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा कष्ट उपसले, आणि १८८५ मध्ये लंडनमध्येच त्या नकलांतल्याही कितीतरी आगीत गेल्या. तुझ्यासारखीच पोरं असतील गं ती, लेण्यांच्या अंधारात मान वर करून बसलेली.

बाकी, आधी संडासाची सोय कुठे आहे ते विचार, लाजू नकोस. खिशांची पँट घाल. देवघराचं दार स्वतः उघडू नकोस. घरातल्या आजी चहा देतील, तो घे. वही मिटून चहा पिताना जे कळतं, ते टेपनं कळत नाही. कुणाच्या घराचा नकाशा स्टेटसला मात्र टाकायचा नाही, त्यांच्या तिजोरीची वाट त्यात असते.

माझा पितळी ओळंबा आईच्या शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये आहे. दोरा कुजला असेल, तो बदलून घे. आणि रोज संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो मला पाठव. कर्ण नसतील तर रात्री फोन येईल.