४८ वळणांचा घाट : सायकल आणि चढाचे गणित

'चढ म्हणजे काय?' हे फळ्यावर त्रिकोण काढून सांगितलं तरी मुलांना पटकन उमगत नाही. त्यांना सायकलवर बसवूया.

उत्तर इटलीत, आल्प्स पर्वतात व्हेनोस्टा नावाचे खोरे आहे. आदिजे नदीकाठी, सफरचंदांच्या बागांमधून इथला सायकलमार्ग जातो. याच खोऱ्यातल्या प्रातो गावातून स्टेल्व्हिओ खिंडीचा घाट सुरू होतो. खिंडीची उंची २,७५७ मीटर. अभियंता कार्लो दोनेगानी यांनी हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला. तेव्हा घोडागाड्यांचे दिवस होते.

आता गणित करू. अंतर सुमारे २४ किलोमीटर, चढायची उंची सुमारे १,८०० मीटर.
१,८०० ÷ २४,००० × १०० = ७.५ टक्के
म्हणजे दर १०० मीटरला साडेसात मीटर वर.

रस्ता सरळ वर नेला असता तर अंतर घटलं असतं, पण चढ फार उभा झाला असता. वळणांनी अंतर वाढतं, जोर मात्र कमी लागतो. सायकलचा हलका गिअरही हेच करतो : पायडल जास्त वेळा फिरवा, पण कमी ताकदीनं.

प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. खाली ४८, माथ्याजवळ १. किती उरलं, ते चढणाऱ्याला दिसत राहतं.

मागे पडलेल्या मुलाला आपण बरेचदा उभ्या चढावरच ढकलतो. उंची तीच ठेवूया, फक्त वळणं वाढवूया, आणि पाट्याही लावूया.

उपक्रम : गावाजवळच्या घाटाचा चढ मुलांकडून काढून घ्या.