लखनौचे शिष्टाचार

लखनौच्या सौजन्याची थट्टा देशभर होत आली आहे. ‘पहले आप, पहले आप’ म्हणत दोघे सद्गृहस्थ फलाटावरच राहिले आणि गाडी निघून गेली, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु दुसऱ्याला मोठेपणा द्यावा व आपल्याकडे लहानपणा घ्यावा, हा या थट्टेमागील नियम ध्यानात न घेतल्यास प्रवाशाकडून नकळत आगळीक घडते.

१७७५ साली नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. दरबाराच्या आश्रयाने येथे कवी, गवई आणि कारागीर जमले. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले. दरबार संपला, परंतु त्याची रीत घरांतून आणि बाजारांतून टिकून राहिली. अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांच्या ‘गुजिश्ता लखनऊ’ या ग्रंथात तिचे तपशीलवार वर्णन आढळते.

या रीतीचा पहिला प्रत्यय भाषेत येतो. मराठी माणूस आईला आणि देवालाही ‘तू’ म्हणतो; त्यात जिव्हाळा असतो. हीच सवय हिंदीत नेली, तर लखनौत ती उद्धटपणा ठरते. जुन्या घरांत लहान मुलांनाही ‘आप’ म्हणतात, कारण मूल जे ऐकते तेच बोलते. रिक्षावाल्याशी बोलतानाही ‘आप’च म्हणावे. दुसऱ्याचे घर, मग ते कितीही लहान असो, ‘दौलतखाना’ आणि आपले ते ‘गरीबखाना’. दुसरा बोलतो ते ‘फरमाना’, आपण बोलतो ते ‘अर्ज करना’. या शब्दांची अदलाबदल झाली तर अर्थाचा विपर्यास होतो. म्हणून नवख्याने साध्या ‘आप’ व ‘जी’ यांवर भागवावे, हे बरे.

अभिवादनासाठी ‘आदाब’ म्हणतात. किंचित वाकून उजवा हात कपाळाकडे नेतात. तळवा आपल्याकडे असतो. अभिवादन आधी धाकट्याने करावयाचे असते. या शब्दावर कोणत्याही एका धर्माची मुद्रा नसल्यामुळे हिंदू व मुसलमान दोघांनीही तो वापरला. यजमानाने विडा पुढे केल्यास तो उजव्या हाताने घ्यावा व घेताना आदाब करावा.

सर्वांत अधिक जपावे लागते ते इमामबाड्यात. बडा इमामबाडा आसफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बांधविला. प्रवासी तेथे भूलभुलैया पाहावयास जातात. परंतु ती मूलतः इमाम हुसेन यांच्या शोकसभांची जागा आहे. आत पादत्राणे काढावीत, स्त्रियांनी डोके झाकावे आणि मोठ्याने हसणे-बोलणे टाळावे. मोहरम हा सण आहे अशा समजुतीने शुभेच्छा देणे ही मोठी चूक होय. शिया कुटुंबांत हा शोक दोन महिने आठ दिवस पाळला जातो. त्या काळात तेथे विवाह होत नाहीत. शिया व सुन्नी यांच्यातील तंट्यांमुळे १९७७ साली येथील मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी आली होती. त्या १९९८ पासून पुन्हा निघू लागल्या. म्हणून या पंथभेदाविषयी पाहुण्याने मतप्रदर्शन करू नये.

आजच्या वाढलेल्या शहरात सर्वच माणसे अशी बोलतात असे नाही, आणि पाहुण्याने नवाबी थाटाची नक्कल करावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. दारात क्षणभर थांबून दुसऱ्याला वाट दिली, तरी लखनौकराला पाहुण्याची योग्यता कळते.