टिंबाआड दडलेले गुंठे

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्यावर ऊस घेणाऱ्या बागायतदारांकडून मोबाईलवरील प्रश्नावलीद्वारे माहिती जमवण्याचे काम काही काळ माझ्याकडे होते. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीने पिकाची नोंद खुद्द खातेदाराच्याच हाती सोपवलेली असल्यामुळे, पडद्यावर बोट फिरवणे इकडे कुणाला अवघड जाणार नाही, असा सर्वांचा समज होता. तो खोटा नव्हता. पण बोट फिरवता येणे निराळे आणि त्याचा अर्थ दप्तरी यथार्थ उतरणे निराळे.

क्षेत्राचाच तपशील पाहा. एक एकर वीस गुंठे लागण असलेला माणूस रकान्यात बिनदिक्कत १.२० लिहितो, कारण त्याच्या लेखी टिंबानंतर गुंठे येतात. यंत्र मात्र ते दशांशचिन्ह समजून अठ्ठेचाळीस गुंठेच धरते, आणि साठांतले बारा गुंठे बिनबोभाट गडप होतात. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर पाहून कुणी तोच आकडा भरला, तर ते क्षेत्र जवळजवळ तीन एकर असते! एकर व गुंठे यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत आणि गुंठ्यांत एकोणचाळीसहून मोठा आकडा स्वीकारूच नये.

सरकत्या पट्टीची कथा याहून विचित्र. पाण्याच्या दोन पाळ्यांत किती दिवस जातात, हे विचारणाऱ्या पट्टीवरची खूण, प्रश्नावली तयार करणाऱ्या मंडळींनी, आरंभीच मधोमध पंधरावर ठेवली होती. इंदापूरकडच्या एका गृहस्थांना मी विचारले, "काका, पट्टी हलवली नाहीत?"

"आवर्तन कधी सुटतंय तेच ठाऊक नाही, मग कुठं सरकवू?"

त्यांच्या या अज्ञानाची, खरे तर वैतागाची, नोंद दप्तरात 'पंधरा दिवस' अशी झाली होती. पट्टीवर आरंभी खूण नसावी, 'सांगता येत नाही' याला स्वतंत्र जागा असावी, आणि पट्टीला स्पर्श झाला की नाही हेही वेगळे टिपले जावे.

रेंज गेली तरी भरलेले उत्तर फोनमध्येच राहील, ही तजवीज तर हवीच. शिवाय ही साधने अल्पायुषी: २०२० सालच्या अखेरीस फ्लॅश या संगणकीय तंत्राचा आधार काढून घेतला गेला, तेव्हा त्यावर बेतलेल्या प्रश्नावल्या निरुपयोगी झाल्या, म्हणून मूळ उत्तर जसेच्या तसे साध्या तक्त्यात जपावे आणि हिशेबासाठी केलेले रूपांतर शेजारच्या रकान्यात मांडावे.

ज्यांना या भागात अशी पाहणी करायची असेल, त्यांनी पहिली काही उत्तरे शेतकऱ्याशेजारी बसूनच भरून घ्यावीत. मात्र त्यासाठी तोडणीचा हंगाम टाळावा, कारण तेव्हा टोळी आणि ट्रॅक्टर यांच्यामागे धावणाऱ्या माणसाला कुणाच्याही प्रश्नावलीसाठी सवड नसते.