सायकलचे दाते आणि चढाचा हिशेब

छत्तीसगडची राजधानी रायपूर. तिथला पंडरी भाग घाऊक कापडबाजारासाठी ओळखला जातो. आमचे घर याच भागात आहे. आता ई-रिक्षा आल्या, तरी कापडाच्या गाठी वाहणाऱ्या पायडल रिक्षा अजून दिसतात. रायपूर बहुतेक सपाट आहे. तरीही भरलेली रिक्षा जागेवरून हलवताना चालक सीटवरून उठतो आणि सगळे वजन एका पायडलवर टाकतो. जरासा चढ लागला की तो खाली उतरून रिक्षा ओढतो. असे का होते, याचे उत्तर चेनच्या दोन चाकांच्या दात्यांत आहे. आधी साधी सायकल घेऊ.

नेहमीच्या काळ्या सायकलला पुढच्या चक्रावर बहुधा ४४ किंवा ४८ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८. आपण ४४ धरू. चेन पुढचा एक दाता सरकली की मागेही एकच दाता सरकते. म्हणून पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ फेरे घेते. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर असतो. दोन्हींचा गुणाकार केला की कळते, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४५ मीटर पुढे जाते.

आता पाय किती फिरला ते पाहू. पायडलच्या दांड्याची, म्हणजे क्रँकची लांबी साधारण १७ सेंटीमीटर असते. त्या वर्तुळाचा परीघ १.०७ मीटर. पाय १.०७ मीटर फिरला आणि सायकल ५.४५ मीटर गेली. अंतर पाचपट झाले. पण हे फुकट मिळत नाही. अंतर पाचपट झाले की बळ एक पंचमांश होते. पायडलवर सरासरी ४० किलोचा जोर दिला, तर सायकलला पुढे ढकलायला जेमतेम ८ किलोच उरतो. सपाट रस्त्यावर तेवढा पुष्कळ आहे.

आता चढ घेऊ. १० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची वाढते, असा रस्ता आहे. स्वार ६० किलोचा आणि सायकल २० किलोची, एकूण ८० किलो. हे वजन अशा चढावर नेण्यासाठी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ८ किलोचा जोर लागतो. म्हणजे पायडलवर सतत सुमारे ४० किलो! हवा आणि घर्षण यांचा विरोध वेगळाच.

गिअरच्या सायकलवर पुढे २८ आणि मागे २८ दाते निवडता येतात. तिचे २६ इंची चाक पायडलच्या एका फेऱ्यात एकच फेरा घेते, म्हणजे सुमारे २.०७ मीटर जाते. त्याच चढावर आता पायडलवर १५.५ किलो पुरतात. मात्र १०० मीटर जायला काळ्या सायकलवर सुमारे १८ फेरे लागत होते, इथे ४८ लागतात.

काम कमी झाले का? मोजून पाहू. काळ्या सायकलवर पाय एकूण १९.६ मीटर फिरला, जोर ४०.८ किलो. गिअरच्या सायकलवर पाय ५१.७ मीटर फिरला, जोर १५.५ किलो. दोन्ही गुणाकार जवळजवळ ८०० येतात. ८० किलो वजन १० मीटर उंच नेले, त्याचा गुणाकारही ८००. गिअरने एक कणही काम वाचवले नाही. त्याने तेच काम पायांना झेपेल अशा लहान हप्त्यांत वाटून दिले.

आता रिक्षाकडे वळू. चालक, गाडी आणि माल मिळून ३०० किलो धरू. २५ मीटरला १ मीटर असा सौम्य चढ आहे. १२ किलोचा जोर हवा. काळ्या सायकलचेच प्रमाण धरले, तर पायडलवर ६० किलो लागतात, म्हणजे चालकाचे स्वतःचे सगळे वजन. त्यात पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना वजनाचा उपयोगच होत नाही. म्हणून त्याला उतरावे लागते. त्याच्या गुडघ्यांवर रोज काय बेतत असेल, हे या आकड्यांवरून कळते.

याच प्रश्नावर महाराष्ट्रात काम झाले आहे. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सुधारित सायकल रिक्षा तयार केली. तिच्याविषयीचा त्यांचा लेख २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आला. त्या रिक्षाला गिअर दिले, मागच्या चाकांना ब्रेक दिले आणि हवेचा विरोध कमी होईल अशी रचना केली. चढावर चालकाला खाली उतरावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता.

ट्रकच्या गिअरबॉक्सचे तत्त्वही हेच आहे. तिथे चेनऐवजी दातेरी चाके एकमेकांत अडकतात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन अनेक फेरे घेते तेव्हा चाक एक फेरा घेते, म्हणून जोर मिळतो. घाट उतरतानाही खालचाच गिअर ठेवतात. तेव्हा चाके इंजिनाला फिरवू लागतात, इंजिन गाडीला रोखते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

मित्रांनो, पुढच्या सायकल मोहिमेआधी आपल्या सायकलचे पुढचे आणि मागचे दाते मोजा, भागाकार करा आणि वहीत लिहा. चढाला लागण्याआधीच गिअर हलका करा, कारण चेनवर पूर्ण ताण आल्यावर ती नीट सरकत नाही. आणि तुकडीतल्या कोणाच्या सायकलला गिअर नसेल, तर चढावर त्याच्या पाठीवरचे सामान आपण घ्या. त्याला आपल्याहून अडीचपट जोर लावावा लागतो आहे.